निरक्षर माणसांनाही मेंदूच्या नकाशात जागा द्या : मेंदू-संशोधकांना खुले पत्र

प्रति,
भारतात एमआरआयच्या मदतीने मेंदूची रचना आणि जोडण्या अभ्यासणारे सर्व संशोधक, त्यांना निधी देणारे विभाग आणि त्यांचे प्रस्ताव तपासणाऱ्या नीतिसमित्या यांस,

स. न. वि. वि.

मी पुण्यात एमआरआय तंत्रज्ञ आहे. रुग्णाला टेबलावर झोपवणे, डोक्याभोवती कॉइल बसवणे, कानात बोळे घालणे आणि काचेपलीकडे बसून यंत्र चालवणे हे माझे रोजचे काम. निदान डॉक्टर करतात, शोधनिबंध तुम्ही लिहिता. पण माणूस आत जाण्यापूर्वी त्याच्याशी शेवटचे बोलते ती बहुतेक वेळा मी. त्या नात्याने हे पत्र लिहिते आहे.

मागणी आधीच सांगून टाकते. ज्यांनी शाळेचे तोंड पाहिलेले नाही अशा प्रौढांना तुमच्या अभ्यासांत मुद्दाम घ्या. त्यातही जे आत्ता, संसार अर्धा झाल्यावर, वाचायला शिकत आहेत त्यांना आधी घ्या. आणि घ्याल तेव्हा त्यांच्या सोयीने, त्यांना कळेल असे सांगून आणि त्यांचा मान राखून घ्या.

असे काम आपल्याकडे होऊ शकते, हे लखनौने दाखवून दिले आहे. २०१७ साली ‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लखनौचे सेंटर ऑफ बायोमेडिकल रिसर्च, हैदराबाद विद्यापीठ आणि युरोपातल्या माक्स प्लांक संस्था यांनी मिळून तो केला होता. मायकेल स्काइडे, उत्तम कुमार, रमेश मिश्रा, फाल्क ह्युटिग ही त्यातली काही नावे तुम्हाला परिचयाची असतील. लखनौच्या आसपासच्या खेड्यांतले हिंदी बोलणारे ३० प्रौढ त्यांनी निवडले. त्यांतल्या बहुतेकांना सुरुवातीला एक शब्दही वाचता येत नव्हता. २१ जणांना सहा महिने देवनागरी लिहायला-वाचायला शिकवले, ९ जणांना शिकवले नाही, आणि आधी व नंतर दोन्ही गटांचे एमआरआय घेतले. सहा महिन्यांत शिकणारी मंडळी साधारण पहिलीतल्या मुलाइतकी वाचू लागली.

फरक जिथे दिसला ती जागा मला अजूनही थक्क करते. वाचनाने मेंदूच्या वरच्या सालीत, म्हणजे कॉर्टेक्समध्ये, बदल होतात हे माहीत होते. इथे बदल खोलवर पोचला होता. मेंदूच्या बुंध्यातला सुपीरियर कॉलिक्युलस आणि मेंदूच्या मध्यभागी असलेल्या थॅलॅमसमधला पल्विनार हे दोन भाग डोकीच्या मागच्या बाजूच्या दृष्टिकेंद्रांशी अधिक ताळमेळाने काम करू लागले होते. डोळे कुठे वळवायचे, समोर दिसणाऱ्या गर्दीतले काय टिपायचे, याच्याशी या भागांचा संबंध आहे. उत्क्रांतीच्या हिशेबात ते फार जुने. लिहिणे-वाचणे तर काही हजार वर्षांपूर्वीचे. तिशीतल्या माणसाला सहा महिने बाराखडी शिकवली आणि इतक्या जुन्या भागांच्या कामाची घडी बदलली. याचा धागा डिस्लेक्सियापर्यंत, म्हणजे वाचताना अक्षरे नीट न जुळण्याच्या अडचणीपर्यंत, जातो. थॅलॅमसमधला दोष हे डिस्लेक्सियाचे एक कारण असावे, असा विचार बरीच वर्षे मांडला गेला आहे. वाचनाच्या सरावानेच तिथली जोडणी बदलत असेल, तर कारण कोणते आणि परिणाम कोणता हे पुन्हा तपासावे लागते. शाळकरी मुलांकडे बघून हा प्रश्न सुटला नसता, कारण मुलांचा मेंदू वाचायला शिकतो त्याच वर्षांत तो वाढतही असतो. त्यासाठी वाढ पूर्ण झालेला आणि अक्षरांशी अजून गाठ न पडलेला मेंदूच हवा होता.

असे दाखले आणखी आहेत. कोलंबियात शस्त्रे खाली ठेवून समाजात परतलेले गनिमी लढवय्ये मोठेपणी वाचायला शिकले. २००९ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासात त्यांच्या मेंदूची तुलना निरक्षर राहिलेल्या त्यांच्यासारख्याच माणसांशी केली होती. वाचायला शिकलेल्यांत काही ठिकाणी मेंदूपेशींचा करडा भाग अधिक भरलेला दिसला आणि दोन्ही अर्धगोल जोडणाऱ्या कॉर्पस कॅलोसमच्या मागच्या टोकाला तंतूंचा पांढरा भागही अधिक होता. २०१० मध्ये फ्रेंच मेंदू-संशोधक स्तानिस्लास देहान यांच्या गटाने पोर्तुगाल आणि ब्राझीलमधल्या ६३ प्रौढांवर काम केले. अक्षरे शिकताना मेंदू चेहरे ओळखण्यासाठी राखलेली जागा थोडी बळकावतो, असे त्यांना वाटले. पुढे २०१९ मध्ये लखनौच्याच गटाने भारतीय गावकऱ्यांत तपासले, तर अक्षरांसाठी चेहऱ्यांची जागा गेल्याचे दिसले नाही. एवढा मोठा वाद ज्यांच्यामुळे पुढे सरकला, ती माणसे उत्तर प्रदेशातल्या खेड्यांतली होती.

हैदराबादचा अनुभवही तुम्हाला ठाऊक आहे. मेंदूविकारतज्ज्ञ सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ६४८ स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या. दोन भाषा बोलणाऱ्यांत आजार सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झालेला दिसला. हा अभ्यास स्कॅनचा नव्हता, तरी माझ्या मुद्द्याशी त्याचा थेट संबंध आहे. दोन भाषा येणारा माणूस जास्त शिकलेला असतो आणि फायदा त्या शिक्षणाचाच असतो, असा आक्षेप पाश्चात्त्य अभ्यासांवर नेहमी घेतला जाई. इथे निरक्षर पण द्विभाषिक माणसे होती आणि त्यांच्यातही तोच फरक दिसला, तेव्हा त्या आक्षेपाला उत्तर मिळाले.

आता आपल्या हातातल्या नकाशाकडे बघा. १९८८ साली प्रसिद्ध झालेला तालेराखचा अ‍ॅटलास, ज्यावरून एक पिढी मेंदूतल्या जागा सांगत आली, तो मुख्यतः एका साठ वर्षांच्या फ्रेंच स्त्रीच्या मेंदूवरून काढलेला. त्याच्यानंतर मॉन्ट्रियलचा साचा आला, १५२ तरुणांच्या स्कॅनची सरासरी. आजही जगभरातल्या प्रयोगशाळा माणसाचा मेंदू ताणून-आवळून त्या साच्यात बसवतात. मेंदूतल्या जोडण्यांचा नकाशा काढणाऱ्या अमेरिकेच्या ह्यूमन कनेक्टोम प्रकल्पाने २२ ते ३५ वयाचे सुमारे १,२०० जण तपासले. आपल्याकडे २०१९ मध्ये आयआयआयटी हैदराबादने १०० भारतीय तरुणांवरून अ‍ॅटलास केला आणि भारतीय मेंदू सरासरीने उंची, रुंदी व आकारमानात पाश्चात्त्यांपेक्षा लहान दिसतो असे सांगितले. त्यावरून बुद्धीचे मोजमाप करू नये, पण साचा चुकीचा असेल तर निदानाचे आकडे चुकतात. २०२० मध्ये बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने ६ ते ६० या वयांसाठी पाच भारतीय साचे दिले. ही कामे मोलाची आहेत. मला त्यांच्यापुढचा प्रश्न विचारायचा आहे : प्रत्येक स्कॅनसोबत त्या माणसाचे वय आणि लिंग लिहिता, तसे त्याला वाचता येते का, येत असेल तर कोणत्या वयात शिकला, हेही लिहिता का? वाचनाने जोडण्या बदलतात हे आपल्याच देशात दिसलेले असताना ही नोंद ऐच्छिक राहता कामा नये.

घाईचे कारण सांगते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता सुमारे ८२ टक्के होती, नंदुरबारची सुमारे ६४. केंद्राचा ‘उल्लास’ हा नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ असा आहे आणि त्यात १५ वर्षांपुढचे निरक्षर स्वयंसेवकांकडून शिकत आहेत. ठाणे जिल्ह्यात मुरबाडजवळच्या फांगणे गावात योगेंद्र बांगर या शिक्षकाने २०१६ च्या महिलादिनी आजीबाईंची शाळा सुरू केली, तेव्हा साठी-सत्तरी ओलांडलेल्या बायका गुलाबी साड्या नेसून पाटी घेऊन बसल्या. या बायकांना वाचता यायलाच हवे. संशोधनासाठी कुणाला क्षणभरही निरक्षर ठेवू नये. पण त्या शिकत आहेत ते हे दिवस पुन्हा यायचे नाहीत. लखनौच्या अभ्यासातली माणसे तिशीच्या आसपासची होती. सत्तरीत पहिल्यांदा ‘क’ गिरवला तर थॅलॅमस आणि दृष्टिकेंद्र यांचे नाते तसेच बदलते का? पुढे स्मरणशक्तीला त्याचा काही आधार होतो का? पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी येते पण उच्चार नंतर होतो, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. अशा लिपीत नजर जी मागे-पुढे, वर-खाली फिरते तिची छाप जोडण्यांवर उमटते का? हे प्रश्न युरोपात विचारता येणार नाहीत, कारण तिथे अशी माणसे आता फारशी मिळत नाहीत. वीस वर्षांनी कदाचित इथेही मिळणार नाहीत, आणि तशी ती न मिळणे हीच चांगली गोष्ट असेल.

आता माझ्या खोलीतले सांगते. त्याबद्दल मला तुमच्यापेक्षा थोडे जास्त ठाऊक आहे.

जोडण्यांचा अभ्यास किती नाजूक आहे हे वाचकांसाठीही लिहिते. त्याच्या दोन वाटा आहेत. पहिल्या वाटेची सुरुवात १९९५ मध्ये भरत बिस्वाल यांनी केली. माणूस नुसता पडून असताना, हात हलवत नसतानाही, हाताच्या हालचाली सांभाळणारे डावे आणि उजवे केंद्र यांच्या रक्तातल्या प्राणवायूची पातळी एकाच तालात वर-खाली होते, असे त्यांना दिसले. ज्यांचा ताल जुळतो ते भाग एकमेकांशी जोडलेले, असे त्यावरून मानतात. लखनौचा निष्कर्ष या वाटेचा. दुसरी वाट पाण्याची. मज्जातंतूंच्या जुडग्यात पाण्याचे रेणू आडवे कमी, तंतूच्या दिशेने जास्त सरकतात. ती दिशा मोजून संगणक तंतूंच्या वाटा रेखाटतो. त्या रंगीत चित्रांना लोक मेंदूची खरी वायरिंग समजतात. पण २०१७ मध्ये २० संशोधन गटांना एकाच कृत्रिम मेंदूची माहिती दिली गेली, ज्यातली २५ जुडगी आधीपासून ठाऊक होती. खरी जुडगी बहुतेकांना निदान काही अंशी सापडली, पण अस्तित्वात नसलेली जुडगी त्यांहून जास्त निघाली.

पहिल्या वाटेवरचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे डोक्याची हालचाल. २०१२ मध्ये एकापेक्षा अधिक गटांनी दाखवले की मिलिमीटरच्या अंशाइतके डोके हलले तरी जवळच्या भागांची जोडणी खोटीच घट्ट दिसते आणि लांबच्या भागांची सैल. मुलांच्या मेंदूत जोडण्या वयाबरोबर लांब पल्ल्याच्या होत जातात, असे जे म्हटले जात होते, त्यातला काही भाग निव्वळ मुलांच्या चुळबुळीचा निघाला. आता विचार करा : एक गट शहरातल्या पदवीधरांचा, त्यांनी मॉल, लिफ्ट, विमान, हॉस्पिटल सगळे पाहिलेले. दुसरा गट खेड्यातल्या बायकांचा, आयुष्यात पहिल्यांदा अशा नळकांड्यात शिरणाऱ्या. घाबरलेले माणूस जास्त हलते. तुम्ही मेंदूंमधला फरक म्हणून जे छापाल तो भीतीमधला फरक असू शकतो.

ती भीती दाराशीच सुरू होते. मंगळसूत्र काढायचे म्हटले की बाई नवऱ्याकडे नाही तर सासूकडे बघते. पदराला लावलेली सेफ्टी पिन निघते, पण झंपराच्या आत खोचलेली दुसरी पिन तिच्याच लक्षात नसते. चांदीची जोडवी वर्षानुवर्षे बोटात रुतलेली असतात, साबण लावूनही हलत नाहीत. मग डोके पिंजऱ्यासारख्या कॉइलमध्ये जाते आणि शंभर डेसिबलच्या वर आवाज सुरू होतो. मी स्पीकरवरून सांगते, “आजी, डोकं हलवू नका हं.” आजी मान हलवून “हो” म्हणतात. आमच्याकडे हे रोज होते. हलले तर आम्ही पुन्हा घेतो, कारण निदानाचे चित्र काही मिनिटांचे असते. तुमची विश्रांत अवस्थेची, म्हणजे माणूस नुसता पडून असतानाची, नोंद सलग आठ-दहा मिनिटांची असते आणि तिच्यातले प्रत्येक सेकंद मोजले जाते.

विश्रांत म्हणजे तरी काय? सूचना अशी असते : डोळे उघडे ठेवा, समोरच्या फुलीकडे बघा, मुद्दाम कसलाही विचार करू नका. एका मावशींनी बाहेर आल्यावर मला सांगितले, “भ्या वाटलं, मग म्या आपलं विठ्ठल विठ्ठल म्हनत ऱ्हायले.” त्यांचे ओठ हलत होते का ते मला काचेतून दिसले नव्हते. ही मनातली जपमाळ भाषेची आणि उच्चाराची केंद्रे चालू ठेवणार, आणि दुसऱ्या गटातला तरुण त्या वेळी ईएमआयचा हिशेब करत असणार. दोघांची नोंद ‘विश्रांत अवस्था’ म्हणूनच होईल. स्कॅन झाल्यावर “आत पडल्या पडल्या मनात काय चाललं होतं?” एवढे त्यांच्या बोलीत विचारायला दोन मिनिटे लागतात. ते विचारा आणि लिहून ठेवा.

म्हणून माझी आग्रहाची विनंती की अशा प्रत्येक प्रकल्पात खोट्या यंत्राची तरतूद असावी. लाकूड-प्लास्टिकची नळी, तसाच टेबल, स्पीकरवर खरा आवाज, चुंबक नाही. ती गावात नेता येते, समाजमंदिरात ठेवता येते. दोन-तीन वेळा त्यात झोपलेली बाई खऱ्या यंत्रात शांत पडून राहते. सोबत मुलगी किंवा शेजारीण असू द्या, आणि दागिने उतरवायला बाई तंत्रज्ञ असू द्या. दोन्ही गटांना हा सराव सारखाच द्या. संगणकावर हालचालीची दुरुस्ती करता येते हे मला माहीत आहे. ती किती पुरते हे तुम्हाला माहीत आहे.

नीतिसमित्यांना वेगळे सांगायचे आहे. वाचता न येणाऱ्याची संमती घेताना निःपक्ष साक्षर साक्षीदार हवा, हे आयसीएमआर या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. कागदावर ते पाळलेही जाते. पण इंग्रजी मसुद्यावरून घाईत केलेले जडजंबाल मराठी पान साक्षीदाराने वाचून दाखवले आणि अंगठा घेतला, याला संमती म्हणायला माझे मन घेत नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांना यंत्र दाखवा, आवाज ऐकवा, आणि “नको वाटलं तर मधेच थांबता येतं, हा फुगा दाबायचा” हे हातात फुगा देऊन दाखवा. मग त्यांनाच विचारा की काय समजले. त्यांच्या तोंडून आलेले उत्तर रेकॉर्ड करून ठेवा. ती खरी संमती.

चेहऱ्याचेही बघा. डोक्याच्या स्कॅनवरून चेहरा पुन्हा उभा करता येतो. २०१९ मध्ये मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी असे केले, तेव्हा चेहरा ओळखणाऱ्या साध्या सॉफ्टवेअरने ८४ पैकी ७० जणांची त्यांच्या फोटोंशी बरोबर जोडी लावली. माहिती सर्वांसाठी खुली करणे मला मनापासून पटते, पण चेहऱ्याचा भाग पुसल्याशिवाय एकही फाइल बाहेर जाऊ नये. गावातल्या बाईला “नाव काढलंय, कुणाला कळणार नाही” असे सांगितले असेल तर ते खरे असले पाहिजे.

आणि गाठ दिसली तर? संशोधनासाठी आलेल्या धडधाकट माणसाच्या डोक्यातही कधी गाठ, कधी रक्तवाहिनीचा फुगवटा दिसतो. ज्याला डोकेदुखीसाठी तालुक्याला जाणेही परवडत नाही त्याला ही बातमी देऊन मोकळे होता येणार नाही. कोणत्या सरकारी रुग्णालयात, कोणत्या डॉक्टरांकडे, कोणाच्या खर्चाने, हे प्रस्तावातच लिहिलेले हवे. दिवसाची बुडालेली मजुरी आणि सोबतच्या माणसाचे भाडे यांचे वेगळे सांगायला नको. तुलनेसाठी ज्या गटाला शिकवले जात नाही, त्याचे वर्ग अभ्यास संपताच सुरू होतील अशी लेखी हमीही घ्या.

निष्कर्ष मांडताना शब्द जपून वापरा, हे मी कळकळीने सांगते. “निरक्षरांचा मेंदू कमजोर” अशी बातमी व्हायला वेळ लागत नाही. ज्या बायकांच्या डोक्यात शेकडो ओव्या आहेत, गावातल्या चार पिढ्यांची नाती आहेत, बाजारातला तोंडी हिशेब आहे, त्यांच्या मेंदूत काही ‘कमी’ आहे हे गृहीत धरून तुलना करू नका. मोजायचे असेल तर ते सगळेही मोजा. आणि लेख छापून आला की गावात जाऊन त्यांच्या भाषेत सांगा. त्यांच्या मेंदूचे चित्र छापून त्यांच्या हातात द्या. आमच्याकडे फिल्म हातात मिळाली की लोक ती उजेडात धरून कितीतरी वेळ बघत राहतात.

निधी देणाऱ्यांना शेवटची विनंती. मेंदूच्या प्रतिमांसाठी पुढचे प्रस्ताव मागवाल तेव्हा अक्षरओळखीची नोंद सक्तीची करा, मोठेपणी वाचायला शिकणाऱ्यांसाठी वेगळी रक्कम ठेवा, आणि ‘उल्लास’चे वर्ग चालवणाऱ्या शिक्षक-स्वयंसेवकांना मानधनासह प्रकल्पात घ्या, शिकणारी माणसे विश्वास ठेवतात तो त्यांच्यावर. आमच्यासारख्या तंत्रज्ञांनाही आराखड्याच्या टप्प्यावर बोलवा, स्कॅनच्या दिवशी नव्हे. रविवारी आणि रात्री अनेक ठिकाणी यंत्रे रिकामी असतात. त्या वेळात हे काम करायला मी तयार आहे, आणि माझ्यासोबत काम करणाऱ्यांपैकी काही जणींनीही तयारी दाखवली आहे.

आपली,
एक एमआरआय तंत्रज्ञ, पुणे